पाऊणचं वजन

३ सप्टेंबर

आत्या,

आधी नमस्कार, मग तक्रार. फोन केला की तू 'जरा मोठ्याने बोल, जरा मोठ्याने' म्हणत तीन मिनिटं घालवतेस आणि शेवटी 'पत्रच लिही बाई' म्हणून ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून लिहितेय. एका गृहस्थांच्या चष्म्याची डावी काच मशीनवर घासायला लावलीय, ती होईपर्यंत माझे हात मोकळे.

विषय माझी भिंगरी. तू तिला पाहिलंस तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि तुझ्या पलंगाखालून काढताना आपल्या नाकी नऊ आले होते. आता नऊ वर्षांची आहे. फरक एवढाच, की आता पलंगाखाली मावत नाही. सकाळी मोजा आणायला खोलीत जाते आणि खिडकीतून दिसलेल्या क्रेनची हकीकत सांगत परत येते, मोजा खोलीतच. दात घासायचा ब्रश काल चपलांच्या कपाटात सापडला. शाळेतून आठवड्याला एक चिठ्ठी येते. वहीत अभ्यास सोडून भलतंच लिहिते, बाकावर बसत नाही, बाई बोलत असताना उठून कचराकुंडी सरळ करते.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे चार वेळा जाऊन आलो. त्या म्हणतात, बुद्धी छान आहे, लक्ष एका जागी ठरत नाही, आणि हा तिचा हट्ट नव्हे, तिचा मेंदू तसा आहे. औषधाचं पुढे बघू म्हणाल्या. मधल्या काळात घरात एखादा प्राणी आणा, तिच्यावर अवलंबून असणारं काहीतरी हवं, असं सुचवलं.

तिचे बाबा म्हणतात, जिला स्वतःची पाण्याची बाटली सांभाळता येत नाही तिच्या हाती कुणाचा जीव कशाला द्यायचा? ते दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे घरी आल्यावर त्यांना काहीही अडकलेलं किंवा पडलेलं बघवत नाही.

तू एकतीस वर्षं त्या लशीच्या संस्थेत प्राणी सांभाळलेस. तूच सांग. एखादा शांत प्राणी हवा, ज्याच्याकडे बघून तीही शांत होईल. मासे पुन्हा आणावेत का? मागच्या वर्षी आणले होते. राहिले नाहीत. काच झाली, उठते.

तुझी
बबी


८ सप्टेंबर

बबे,

प्राणी म्हणजे औषधाची गोळी नव्हे, की पोरीला दिला आणि पोर शांत झाली. ते डोक्यातून काढ, मग पुढचं वाच.

मासे नकोत. मासा उपाशी असला तर सांगत नाही, आजारी असला तरी सांगत नाही, एकदम उलटा तरंगून सांगतो. विसरणाऱ्या मुलाच्या घरी गप्प प्राणी आणणं हा दोघांवरही अन्याय आहे. कासवाचंही तेच. मांजर आपलं आपण बघतं, पोरीला वाटेल मी नसले तरी चालतं. कुत्रा चालला असता, पण त्याला दोन वेळा फिरवणार कोण? तू काचा घासणार, तुझा नवरा लिफ्टमध्ये, आणि पोर एकटी रस्त्यावर सोडण्याजोगी नाही असं तूच म्हणशील. पक्षी तिच्या धावपळीने बिथरेल.

माझं मत गिनीपिग. दोन, माद्या, एकाच वेतातल्या बहिणी. एकटा ठेवला तर झुरतो. गिनीपिग भुकेला झाला की शिट्टी मारतो, आणि अशी मारतो की शेजारीही विचारायला येतील. विसरता येत नाही. शिवाय दिवसातून दहा वेळा थोडं थोडं खाणारा जीव आहे. जी पोर दहा वेळा उठते तिने दहा वेळा उठून त्याच्याकडे जावं. तिचं उठणं मोडायला जाऊ नका, त्याला काम द्या.

पण आधी सांग, मासे 'राहिले नाहीत' म्हणजे काय? मी आयुष्यभर मेलेल्या जनावरांच्या पुढे कारण लिहीत आले. 'राहिले नाहीत' असा रकाना आमच्याकडे नव्हता.

आत्या


१३ सप्टेंबर

आत्या,

तुझ्यापासून काही लपवून लिहिता येत नाही.

मासे अकरा दिवस होते. बाराव्या दिवशी तिने त्यांना थंडी वाजत असेल म्हणून टाकीत कोमट पाणी ओतलं. कोमट तिच्या हाताला. चारही गेले. ती रडली नाही, घरभर फिरत राहिली, आणि संध्याकाळी मला विचारलं, "मी हात लावला की सगळं मोडतं का गं?" मी म्हटलं, नाही गं. पण आत्या, मी ते फार पटकन म्हटलं. तिला माझा पटकनपणा कळतो.

तेव्हापासून ती कपसुद्धा दोन हातांनी धरते आणि तरी पाडते. मला प्राण्याची एवढी घाई का झालीय ते हे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून नव्हे. मला तिला एक गोष्ट दाखवायचीय, की हे बघ, हे तुझ्या हातात दिलं आणि हे धडधाकट आहे. एकच गोष्ट. अभ्यास, चपला, ब्रश सगळं गेलं खड्ड्यात.

तुझं पत्र पोस्टमनकडून तिनेच घेतलं, तिनेच फोडलं आणि खुर्चीवर उभं राहून दोन्ही पानं वाचली. मध्ये उतरली नाही! तिचे बाबा आधी म्हणाले, "उंदराचा मोठा भाऊ घरात?" मग तिचा चेहरा बघून म्हणाले, "पिंजरा मी करतो. विकतचे दरवाजे धड लागत नाहीत." कालपासून मोजपट्टी घेऊन फिरताहेत.

खालचं तिचं.

आत्याआजी मी भिंगरी. ते शिट्टी कशी मारतात ओठांनी का? त्यांना गुदगुल्या होतात का? दोघींचं भांडण झालं तर कोणाची बाजू घ्यायची? मी त्यांच्यात पाणी ओतणार नाही.


१८ सप्टेंबर

बबे,

भिंगरीला सांग, ओठांनी नाही, गळ्यातून. गुदगुल्यांचं कुणी तपासलेलं नाही, तिने तपासावं. भांडणात बाजू घेऊ नये, दोघींना वेगवेगळं गवत द्यावं.

आमच्याकडचे जुने पिंजरेवाले निवृत्त झाल्यापासून घरी गिनीपिग पाळतात. हौसेचे, प्रयोगाचे नव्हेत. येत्या रविवारी ते तिकडे लेकीकडे निघालेत, दोघींना टोपलीत घालून आणतील. गवत, पालेभाजी, रोज ढोबळी मिरचीचा तुकडा. ती विसरायची नाही, त्यांच्या अंगात 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही.

आता माझी अट. रोज सकाळी सात वाजता दोघींचं वजन, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाडगं ठेवून. आकडा सोबतच्या कागदावर भिंगरीने लिहायचा, आणि भरलेले कागद मला पाठवायचे. ही हौस नव्हे. हा प्राणी दुखणं लपवतो. डोळे चमकत असतात, केस नीट असतात, आणि आतून वितळत असतो. फक्त काटा खरं बोलतो. आमच्याकडे नियम होता, वजनाचा कागद खोटा निघाला की त्या माणसाच्या हातून जनावर काढून घ्यायचं. तोच इथे. कागद चुकला, राहिला, फाटला, चालेल. खोटा निघाला तर पिंजरेवाले येऊन दोघींना परत घेऊन जातील.

आत्या


२९ सप्टेंबर

आत्या,

आल्या! गेल्या रविवारी टोपलीतून दोन नाकं बाहेर आली आणि घरातला आवाज तिप्पट झाला. एक अर्धी पांढरी अर्धी काळी. दुसरीच्या अंगावर काळं थोडं जास्त. भिंगरीने एक नजर टाकली आणि म्हणाली, "ही अर्धी आणि ही पाऊण." दिवसभर माझ्या तोंडून चष्म्याचे नंबर ऐकते, त्याचा परिणाम. तिच्या बाबांनी केलेल्या पिंजऱ्याला तीन कड्या आहेत. मला तो उघडायला पाच मिनिटं लागतात, तिला दोन सेकंद.

तू म्हणालीस तसंच आहे. फ्रीजचं दार वाजलं की दोघी शिट्ट्या मारतात आणि ही जिथे असेल तिथून पळत येते. पहिल्या आठवड्याचा कागद सोबत. तिनेच लिहिलाय, बघ, आकडे कसे वाकडेतिकडे. रोज सातला, अगदी नेमाने. मलाच खरं वाटत नाही.

शाळेची चिठ्ठी याही आठवड्यात आली. वहीच्या समासात आकडे लिहिते म्हणे. गणित आवडायला लागलं असेल तर माझी काही तक्रार नाही.

बबी


४ ऑक्टोबर

बबे,

कागद भिंतीवर लावला. शेजारीण म्हणाली, हे काय? म्हटलं, माझ्या नातीचं काम. आम्ही जनावरांना कधी नाव देत नसू, नंबर द्यायचो. नाव दिलं की हात जड होतो. एकतीस वर्षांत एकालाही हाक मारली नाही, आणि आता पत्र वाचताना मोठ्याने 'अर्धी, पाऊण' म्हणून बघितलं. बरं वाटलं. पुढचे कागद पाठव.

आत्या


२० ऑक्टोबर

आत्या,

घाईत आहे. दुकानात दुसरी मुलगी रजेवर, सगळ्या काचा माझ्या गळ्यात. पुढच्या तीन आठवड्यांचे कागद सोबत. छान वाढताहेत दोघी. सहामाहीचे गुण आले, त्याबद्दल न बोललेलं बरं, पण मी बाईंना तुझ्या कागदांची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, म्हणजे ती रोज एक काम करू शकते तर! आत्या, मला दुकानात येईपर्यंत चालायचं भान नव्हतं.

ता. क. भिंगरीचं रोज नवीन काहीतरी असतं. आता म्हणते, पाऊण शिट्टी मारत नाही, ढोबळी मिरचीपर्यंत येते आणि परत फिरते, हनुवटी ओली असते. लाडावलीय दुसरं काय. मी म्हटलं, आधी बूट घाल.


२४ ऑक्टोबर

बबे,

हे पत्र वाचून झालं की नव्हे, वाचता वाचता ऊठ आणि पाऊणचं वजन कर. मग पुढे वाच. दोनदा फोन लावला, लागला नाही.

तुझे चार कागद मी टेबलावर एकाखाली एक मांडले. पाऊणचे पहिले तीन दिवस, ४९८, ५०३, ४९९. हे प्राण्याचे आकडे आहेत. खाऊन बसली की वाढते, लघवी करून आली की घटते. चौथ्या दिवसापासून ५०२, ५०५, ५०८, ५११, आणि असंच थेट ५७४ पर्यंत. रोज तीन ग्रॅम, ना एक कमी ना एक जास्त. हा प्राणी नव्हे, जिना आहे. पहिला कागद आला तेव्हाच दिसायला हवं होतं, कौतुकाने माझेही डोळे गेले होते. शिवाय तिथून पुढे प्रत्येक कागद एका बैठकीत, एका पेनने भरलाय.

अक्षर पोरीचं आहे. मला वाईट वाटतंय, पण लिहिते. तिला कंटाळा आला आणि तिने मनाने आकडे घातले. नऊ वर्षांची आहे, मारू नका, रागावू नका, पण तिला सांगा की या कागदामागे एक जीव होता. अट मी आधी सांगितली होती. पिंजरेवाले पुढच्या महिन्यात तिकडे येतील.

आणि तू! शिट्टी थांबली, हनुवटी ओली, खाण्यापर्यंत येऊन परत फिरते, हे तू ता. क. मध्ये लिहितेस? पोरीने जे कागदावर खोटं लिहिलं असेल ते असो, तोंडाने तिने तुला अचूक लक्षण सांगितलं. आमच्याकडच्या शिकलेल्या माणसांनाही ते सांगता यायचं नाही. दातांचं दुखणं आहे. आज डॉक्टरकडे ने. आज.

आत्या


३० ऑक्टोबर

आत्या,

कागद मी भरले.

हे पहिल्या ओळीत लिहिलं, नाहीतर दुसऱ्या पानापर्यंत माझा धीर गेला असता. पहिले तीन दिवस तिने सातला वजन केलं, लिहिलं. चौथ्या दिवशी पेन सापडेना. पाचव्या दिवशी काट्यावर वाडगं ठेवलं आणि खिडकीतून क्रेन दिसली म्हणून पळाली. मी कागद खणात ठेवला आणि मनात म्हटलं, झालं, हेही गेलं. शनिवारी दुकानात बसून मी उरलेले रकाने भरले. तिचा वाकडा पाच, तिचा पोट निघालेला आठ, सगळं हुबेहूब. पाव नंबरची चूक झाली तर मी काच फेकून देते, आत्या, आणि इथे एकदाही काट्याकडे न बघता चार आठवडे लिहीत गेले. तिला म्हटलं, कागदाचं राहू दे, मी बघते. तुझं कौतुकाचं पत्र आलं तेव्हा थांबायला हवं होतं. उलट मला चटक लागली. माझ्या मुलीने रोज काहीतरी केलंय असं सांगणारा घरात तेवढा एकच कागद होता.

तुझं पत्र सोमवारी आलं. नेहमीसारखं तिनेच फोडलं. मी दुकानातून आले तर ती पिंजऱ्यासमोर उभी, पत्र हातात, आणि तिचे बाबा खाली बसून विचारताहेत, "भिंगरे, खरं सांग, मी रागावणार नाही." ती म्हणत होती, "मी नाही लिहिलं, मी नाही लिहिलं." ते म्हणाले, "मग अक्षर कुणाचं?" तिने हातातल्या पत्राकडे पाहिलं आणि मला दिसलं, की तिला स्वतःचीच शंका यायला लागलीय. आपण लिहिलं असेल आणि विसरलो असू. तिचं असं होतं, तिला कायम कुणीतरी सांगत असतं की तूच केलंस, तुझ्या लक्षात नाही.

तेव्हाही मी एवढंच म्हटलं, आधी वजन करू या. चारशे एक्केचाळीस. कागदाप्रमाणे ती तोवर सहाशेच्या घरात असायला हवी होती.

तसेच निघालो. तिचे बाबा गणवेशातच, हत्यारांची पिशवी खांद्याला. प्राण्यांच्या डॉक्टरांनी पाऊणला हातात घेतलं, पोट चाचपलं आणि विचारलं, "खाणं कधीपासून कमी आहे?" आणि आत्या, माझा हात सवयीने पर्समध्ये गेला आणि सगळ्यांना दाखवायला काढलेली कागदांची प्रत बाहेर आली. त्यांनी ती वाचली. म्हणाले, "आठवड्यापूर्वीपर्यंत रोज वाढ आहे. मग हे दातांचं नव्हे, दाताचं दुखणं वजन इतक्या झटपट उतरवत नाही. काहीतरी विषारी खाल्लंय. मी त्या दिशेने सुरू करतो." आणि ते इंजेक्शन भरायला वळले.

"मी ते लिहिलं नाही," भिंगरी म्हणाली. हळू म्हणाली. डॉक्टरांनी तिच्या बाबांकडे पाहिलं, बाबांनी जमिनीकडे. सगळ्यांनी तिला आपापल्या मनात माफ करून टाकलं होतं. सुईत औषध चढताना दिसत होतं. मग मी म्हटलं, "थांबा. कागद खोटा आहे. मी लिहिलाय. तिच्या अक्षरात मी लिहिलाय."

भिंगरीने माझ्याकडे बघितलं, आणि ती माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती खाली बसली, दप्तर उलटं केलं आणि वह्या काढल्या. मराठीची, भूगोलाची, चित्रकलेची. शाळेतून चिठ्ठ्या यायच्या त्याच वह्या. समासात, मुखपृष्ठाच्या आत, नकाशातल्या समुद्रात, सगळीकडे आकडे. 'पा ५२८ शाळेतून आल्यावर.' 'पा ५३० खाल्ल्यावर.' 'पा ५१९ बूट घालताना.' दिवसातून आठ आठ, दहा दहा वेळा. येता जाता काट्यावर ठेवायची आणि हाताला लागेल त्यावर लिहायची, विसरू नये म्हणून घरात वजन करून वर्गात पुन्हा लिहायची. आणि मी त्या वह्यांवर पालकांची सही करत होते.

डॉक्टर ओट्याला टेकून वाचत राहिले. मग म्हणाले, "जवळजवळ तीन आठवडे हळूहळू उतरतंय. दातच." सुई बाजूला ठेवली. मागच्या दाढा वाकड्या वाढून जिभेवर आल्या होत्या. भूल देऊन घासल्या. त्यांनी भिंगरीला विचारलं, "हे सगळं तू एकटीने मोजलंस?" तिने मान हलवली आणि मग लगेच टेबलाखाली काय आहे ते बघायला वाकली.

पाऊण जिवंत आहे. दर दोन तासांनी पिचकारीने भरवायचं. भिंगरी चार दिवस शाळेत गेली नाही. आज चारशे अठ्ठेचाळीस. धोका गेला असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत.

तिच्या बाबांनी तिची माफी मागितली, मांडी घालून, नीट. मीही मागितली. ती म्हणाली, "हं." त्यानंतर माझ्याशी बोलते, पण पाऊणला माझ्या हातात देत नाही. मी काट्याजवळ गेले की मध्ये उभी राहते.

वह्या पाठवतेय. अट मला माहीत आहे. खोटं मी लिहिलं, आणि नियमाने जनावर तिच्या हातून जाईल. आत्या, मी काय करू?

बबी


४ नोव्हेंबर

भिंगरी,

हे पत्र तुला आहे. आईला वाचायला द्यायचं की नाही ते तू ठरव.

पहिलं, माझी चूक. मी तुला न विचारता तुझ्यावर खोटेपणाचा आळ घेतला. मला कागद वाचता येतो याचा फार गर्व होता. जिना मी ओळखला, पण चढणारा माणूस चुकीचा ठरवला. मला माफ कर.

दुसरं, तुझ्या वह्या. दोन दिवस भिंग लावून वाचल्या. माझ्या हाताखाली चौदा माणसं होती, त्यांपैकी एकानेही 'बूट घालताना' असं लिहिलं नाही, आणि त्यामुळे कुणाचं वजन खाण्याआधीचं आणि कुणाचं नंतरचं ते कधी कळायचं नाही. तुझ्या आकड्यांवरून मला दिसतं, की आठ ऑक्टोबरला पाऊणचं वजन वळलं. दाढा जन्मतःच तशा असणार, पुन्हा वाढतील, दर महिन्याला डॉक्टरांना दाखवाव्या लागतील. ते तुझ्या हातून झालेलं नाही.

तिसरं, आई. तिने चूक केली आणि मोठी केली. पण तुला एक सांगते जे मी कुणाला सांगितलेलं नाही. संस्थेत मला चौथं वर्ष होतं. एका सुट्टीच्या दिवशी मी गेले नाही आणि दुसऱ्या दिवशी कालचा रकाना अंदाजाने भरला. त्या आठवड्यात सहा जनावरं गेली. साहेबांना कळलं. मी नियमाची वाट बघत बसले. त्यांनी मला बोलावलं, काटा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "उद्या सात वाजता." तेवढंच.

आता विचारते. नियम माझा आहे, पण नोंद तुझी आहे, म्हणून निर्णयही तुझा. पिंजरेवाल्यांना पाठवू की नको? आणि आईला यापुढे काट्याला हात लावू द्यायचा का? माझं मत विचारशील तर काही महिने तरी नको. तू कळव.

तुझी
आत्याआजी


९ नोव्हेंबर

आत्याआजी,

पाठवू नको त्यांना. पाऊणने काल स्वतःहून कोथिंबीर खाल्ली एक काडी पूर्ण आणि अर्धीने तिची दुसरी काडी पळवली. सकाळी ४६३ दुपारी ४७१ आता ४६६. डॉक्टर म्हणाले आता भीती नाही. गुदगुल्या होतात कानामागे मी तपासलं.

तुझं पत्र मी आधी एकटीने वाचलं मग आईला दिलं. ती रडली म्हणून मी बाहेर गेले आणि परत आले.

तू म्हणालीस नको पण मी विचार केला. तू एकतीस वर्षं होतीस आणि चौथ्या वर्षी चुकलीस म्हणजे त्यानंतर त्यांनी तुला सत्तावीस वर्षं वजन करू दिलं. मी वजाबाकी दोनदा केली. आईला तर अजून एकही दिवस दिला नाही.

आणि एकदा मोडलं ना की सगळे म्हणतात राहू दे मी करते, आणि मग आपण नुसतं उभं राहायचं आणि हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही. मला माहीत आहे ते कसं वाटतं. आई आता तशी उभी राहते काट्याजवळ.

म्हणून आज सात वाजता मी पाऊणला तिच्या हातात दिलं. तिचे हात खूप हलत होते. मी म्हटलं हलू देत, पडत नाही ती, मी खाली हात धरलाय.

भिंगरी